‘पाईक’ आणि ईश्वरविरहित प्रतिज्ञा

पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत रचलेल्या राष्ट्रीय प्रतिज्ञेत ईश्वर नाही. अमेरिकेच्या निष्ठा-प्रतिज्ञेत तो १९५४ मध्ये मागाहून घातला गेला. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीने ईश्वरसाक्ष शपथ ऐच्छिक ठेवली.

शालेय प्रतिज्ञेच्या मराठी संहितेत मात्र ‘पाईक’ हा शब्द येतो. इंग्रजी पाठात त्या जागी केवळ पात्र ठरण्याची भाषा आहे. पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई. तुकारामांच्या पाइकीच्या अभंगांनी त्याला स्वामिनिष्ठ भक्ताचे अर्थवलय दिले. देव वगळला गेला, तरी भक्तीची वृत्ती भाषेतून परतली. स्वामीच्या जागी परंपरा आली.

ही परंपरा कोणाची? भद्रावतीत विजासनची बौद्ध लेणी, पार्श्वनाथाचे जैन मंदिर आणि भद्रनागाचे देवस्थान एकाच गावाच्या परिघात आहेत. सृष्टिकर्ता ईश्वर न मानणाऱ्या घरातील मुलाला ईश्वरसाक्ष शपथ परकी ठरली असती. ‘पाईक’ त्याला उच्चारता येतो, कारण इंग्रजी पाठातील एकवचनी वारसा मराठीत ‘परंपरा’ असा अनेकवचनी झाला आहे. ते अनेकवचन वाचनातून गळाले, तर पाईक पुन्हा एकाच स्वामीचा शिपाई होईल. प्रतिज्ञेची धर्मनिरपेक्षता ईश्वराच्या अनुपस्थितीपेक्षा या अनेकवचनावर अधिक विसंबून आहे.