किल्लीसह जतन

‘संगणकावर चढवले, म्हणजे जतन झाले’ हे मत आम्हांस अपुरे वाटते. शेजारच्या वऱ्हाडातील रिद्धपूरशी नाते सांगणाऱ्या महानुभावांच्या पोथ्या शतकानुशतके टिकल्या. मात्र सकळ लिपीची किल्ली पंथाबाहेर नसल्याने त्या इतरांना अबोल राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृतींनी ती लिपी उकलली. संगणकावरील मराठीचेही तसेच झाले. युनिकोड १९९१ मध्ये आले, तरी पुढे कित्येक वर्षे आपले मजकूर निरनिराळ्या फाँटांच्या खासगी संकेतांत जुळवले गेले. तो फाँट नसेल, तर फाईल शाबूत असूनही पडद्यावर निरर्थक चिन्हेच उमटतात. रामाकोना-सौंसरच्या घरांतील वंशावळी, स्मरणिका अशा फायलींत असतील, तर वाचता येतात तोवरच त्या युनिकोडमध्ये उतरवाव्यात, दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. एक छापील प्रतही असावी.