‘स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग’ : एका संज्ञेची चिकित्सा

सिरॅमिकची भुकटी द्रवणांकाखालील तापमानास तापवून तिचे कण एकसंध करण्याच्या प्रक्रियेस सिंटरिंग म्हणतात. प्रचलित भट्टीत त्यास काही तास लागतात आणि तेवढ्या अवधीत कण वाढून सूक्ष्मरचना भरड होते. ग्रॅफाइटच्या साच्यात भुकटी दाबून साच्यातून प्रबळ विद्युत्प्रवाह सोडल्यास हेच काम काही मिनिटांत होते. या तंत्रास ‘स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग’ हे नाव रूढ झाले. तंत्राच्या उपयुक्ततेविषयी वाद नाही. आक्षेप आहे तो नावास.

कणांमधील फटींत विद्युत्-विसर्जन होते, ही कल्पना जपानी संशोधक कियोशी इनोऊए यांची. त्यांच्या 1966 मधील अमेरिकी पेटंटांत ती आढळते. पुढे हे गृहीतक नावातच शिरले आणि पुराव्याची गरज कोणास वाटेनाशी झाली. 2008 मध्ये हल्बर्ट व सहकाऱ्यांनी वर्णपटीय मापन, प्रत्यक्ष निरीक्षण आणि अतिजलद व्होल्टेज-मापन या तिन्ही मार्गांनी शोध घेतला. प्लाझ्मा आढळला नाही.

वस्तुतः ॲल्युमिनाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. ॲल्युमिना विद्युत्-रोधक असल्याने प्रवाह जवळजवळ सर्व साच्यातूनच वाहतो. भुकटीस लाभते ती साच्याची उष्णता आणि दाब. तरीही ती उत्तम घट्ट होते. धातूवर सिरॅमिकचा लेप बसविताना तर ही नामभूल महाग पडते. लेपाच्या चिकटण्याचे श्रेय प्लाझ्माने कणपृष्ठ ‘स्वच्छ’ केल्यास दिले, की ग्रॅफाइटमधून शिरणारा कार्बन आणि दोन्ही पदार्थांच्या असमान प्रसरणाने पडणाऱ्या भेगा यांकडे दुर्लक्ष होते.

2010 मध्ये कोलोन्या, राश्कोवा व ऋषी राज यांनी मांडलेल्या ‘फ्लॅश सिंटरिंग’मध्ये दाब व साचा दोन्ही नाहीत, प्रवाह थेट नमुन्यातून जातो. येथे गोंधळ नावाचा नसून आकड्याचा आहे. झिर्कोनिया 850 अंश सेल्सिअसला पाच सेकंदांच्या आत घट्ट झाले, असे शीर्षक सांगते. पण 850 हे भट्टीचे तापमान. तापताच झिर्कोनियाचा रोध घटतो, प्रवाह वाढतो, त्याने ते आणखी तापते. नमुना भट्टीहून कितीतरी अधिक तप्त असतो. ‘1450 ऐवजी 850’ ही वर्गात सर्रास केली जाणारी तुलना म्हणूनच दिशाभूल करणारी आहे. 2015 मध्ये टॉड व सहकाऱ्यांनी या अनियंत्रित तापवाढीनेच फ्लॅशच्या आरंभाचा उलगडा केला. स्फटिकजालकातील दोषांचाही वाटा आहे, असे राज यांचे प्रतिपादन. खुद्द नमुन्याचे तापमान अचूक ठरल्यावाचून या मतांत निवाडा अशक्य आहे, आणि क्षणात झळाळून उठणाऱ्या इवल्याशा नमुन्याच्या अंतर्भागाचे तापमान मोजणे सोपे नाही.