करबदलाचा अंदाज आणि संकेतार्थाची भाषा

राज्याच्या वार्षिक जमाखर्चास मराठीत अर्थसंकल्प म्हणतात. महानगरपालिकेच्या जमाखर्चास अंदाजपत्रक. पहिल्या शब्दात निश्चय आहे, दुसऱ्यात तर्क. वस्तुतः या दोन्ही गोष्टी दोन्ही दस्तऐवजांत असतात. कराचा दर ठरविणे हा संकल्प होय. त्या दरामुळे तिजोरीत काय घडेल, हा केवळ अंदाज होय. करविषयक कायद्यात बदल सुचविला जातो तेव्हा या दोहोंतील सीमारेषा पुसट होते, आणि तिची किंमत बहुधा दूरच्या लहान शहरांना द्यावी लागते. नांदेड व लातूर या दोन नगरांचा अनुभव या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

करबदलाच्या परिणामाचा अंदाज म्हणजे दोन रकमांतील अंतर. नवा कायदा आल्यावर जी रक्कम जमा होईल ती एक; जुनाच कायदा राहिला असता तर जी जमा झाली असती ती दुसरी. पहिली रक्कम पुढे मोजता येते. दुसरी कधीच मोजता येत नाही, कारण ती न घडलेल्या गोष्टीची आहे. अशा विधानासाठी मराठी व्याकरणात संकेतार्थ आहे: पाऊस पडला असता, तर पीक आले असते. परंतु शासकीय निवेदने व वृत्तपत्रे संकेतार्थ टाळून ‘इतका महसूल बुडेल’ असे साध्या भविष्यकाळात लिहितात. यात दोन गोष्टी लोपतात. ‘तर’ गेल्याने अट लोपते; आणि ‘बुडणे’ हे अकर्मक क्रियापद आल्याने कर्ता लोपतो. महसूल आपोआप बुडत नाही. तो कोणीतरी सोडलेला असतो.

महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली व तिच्या जागी शासनाचे अनुदान आले. लातूर तेव्हा नगरपरिषद होती. तेथे महानगरपालिका झाली ती २०११ मध्ये. नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ मध्येच स्थापन झाल्यामुळे तेथील जकात पुढेही चालू राहिली, आणि २०१० मध्ये जकातीऐवजी स्थानिक संस्था कर ज्या पहिल्या महानगरपालिकांत लागू झाला त्यांत नांदेडचा समावेश होता. लातुरात हा कर महानगरपालिका झाल्यानंतर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींहून कमी वार्षिक उलाढालीच्या व्यापाऱ्यांना या करातून वगळण्यात आले. उरलेला कर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर संपला. त्याच वर्षीच्या राज्य कायद्याने स्थानिक संस्थांना भरपाईची हमी दिली: २०१६-१७ हे आधारभूत वर्ष, आणि त्यावर प्रतिवर्षी आठ टक्के चक्रवाढ.

हा कायदा म्हणजे संकेतार्थाला दिलेले विधिरूप होय. ‘कर राहिला असता तर’ या वाक्याचे उत्तर त्याने कायमचे लिहून ठेवले. परंतु कोणता कर राहिला असता तर? नाक्यावरची जकात, २०१० चा पूर्ण स्थानिक संस्था कर, की २०१५ नंतर उरलेला त्याचा अवशेष? आधारभूत वर्षात बहुसंख्य व्यापाऱ्यांपुरता मूळ कर उठलेलाच होता. शिवाय ते वर्ष लातूरपुरते कसे होते हेही विसरता येत नाही. १ एप्रिल २०१६ रोजी ते सुरू झाले आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरात आली. पुढील सर्व वर्षांचे माप म्हणून एखादे वर्ष निवडावयाचे, तर ते प्रातिनिधिक आहे काय हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा. संपूर्ण राज्यासाठी एकच वर्ष धरणाऱ्या सूत्रात हा प्रश्न संभवतच नाही.

वाढीच्या दराविषयीही तेच. केंद्राने राज्यांना पाच वर्षांपुरती भरपाई देताना २०१५-१६ हे आधारभूत वर्ष व चौदा टक्के वाढ धरली; राज्याने स्थानिक संस्थांकरिता आठ टक्के धरली. पाच वर्षांत शंभर रुपयांचे चौदा टक्क्यांनी सुमारे १९३ होतात, आठ टक्क्यांनी १४७. दोन्ही ठिकाणी कर भिन्न होते, तेव्हा दर भिन्न असणे तर्कविरुद्ध नाही. कदाचित आठ हाच आकडा वास्तवाला जवळचा असेल व चौदा हा राजकीय तडजोडीचा. आक्षेप आकड्यावर नाही. तो कोणत्या तर्काने आला हे आकड्यासोबत न सांगण्यावर आहे. कारण न दिलेला अंदाज हा अंदाज राहत नाही, तो हुकूम होतो.

या मौनाचे मूळ आपल्या संसदीय पद्धतीत आहे. खर्च अंतर्भूत असलेल्या विधेयकासोबत वित्तीय ज्ञापन जोडून आवर्ती व अनावर्ती खर्चाचा अंदाज द्यावा, असा लोकसभेचा नियम आहे. महसूल घटविणाऱ्या तरतुदीसाठी तो अशी अपेक्षा करीत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०७ प्रमाणे कर कमी वा रद्द करणारी दुरुस्ती मांडण्यास राज्यपालांची शिफारसही लागत नाही. करदात्यावरील भार हलका करण्याची वाट सुलभ असावी हे योग्यच. पण सुलभ वाटेवरही हिशेब असावा. अमेरिकेत १९२६ पासून काँग्रेसची संयुक्त कर समिती आहे, आणि करविधेयकांचे परिणाम ती प्रचलित कायदा तसाच राहील असे गृहीत धरून काढलेल्या पायाशी ताडून पाहते. ब्रिटनमध्ये २०१० पासून हे काम स्वतंत्र कार्यालय तपासते.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर घटविताना केंद्राने सुमारे ४८,००० कोटी रुपयांचा परिणाम सांगितला व तो २०२३-२४ च्या उपभोगावर आधारलेला असल्याचेही सांगितले. अट उच्चारली गेल्यामुळे अभ्यासकाला विचारता येते: दर घटल्यावर खरेदी वाढली तर काय? उलट ‘भरपाई’ या शब्दापुढे असा प्रश्न सुचत नाही. कारण भरपाई म्हटली की हानी मोजून झाली असेच ऐकणाऱ्यास वाटते.

नांदेडच्या वा लातूरच्या अंदाजपत्रकात जमेच्या बाजूस येणारे हे अनुदान पाणी, दिवाबत्ती व सफाई यांच्या खर्चाशी बांधलेले असते. करबदलाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत आधारभूत वर्ष, वाढीचा दर व गृहीत धरलेली उलाढाल ही तीन विधाने संकेतार्थातच लिहिली गेली, तर त्या शहरांच्या सभागृहांना निदान वाद घालण्यास जागा राहील. ‘तर’ हा शब्द लहान आहे. पण तो गाळला की प्रश्न विचारण्याचा अधिकारही गळतो.