आईचाही राग : 'चौघीजणी' पुन्हा वाचताना

आमच्या धर्मग्रामातील धर्मशिक्षण वर्गाच्या बक्षीससमारंभासाठी पुस्तकांची यादी करताना 'चौघीजणी' हे नाव आम्ही अनेक वर्षे न चुकता लिहीत आलो. लुइझा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेच्या 'लिटल विमेन' या कादंबरीचा शांता शेळके यांनी केलेला हा अनुवाद. मुलींना सुशील व आज्ञाधारक बनविणारे सोज्वळ पुस्तक, एवढीच आमची त्याविषयी समजूत होती. आणि ती सेमिनरीच्या दिवसांत घाईने केलेल्या वाचनावर आधारलेली होती. मध्यंतरी बक्षीस मिळालेल्या एका मुलीने आम्हाला विचारले, "फादर, ज्योच्या आईलासुद्धा रोज राग येतो, हे तुम्ही वाचलंत का?" आम्हाला उत्तर देता येईना. आम्ही पुस्तक पुन्हा हाती घेतले.

कादंबरीचा पहिला भाग १८६८ साली व दुसरा १८६९ साली बॉस्टन येथे प्रसिद्ध झाला. मुलींसाठी पुस्तक लिहावे, हा आग्रह प्रकाशक टॉमस नाइल्स यांचा. लेखिकेला त्यात उत्साह नव्हता. आपल्या बहिणींखेरीज मुलींशी आपला फारसा परिचय नाही, अशी कबुली तिने रोजनिशीत दिली आहे. म्हणून तिने बहिणींनाच पुस्तकात आणले. थोरली ॲना ही मेग झाली, धाकटी मे ही एमी झाली, आणि १८५८ साली निवर्तलेली एलिझाबेथ बेथच्या रूपाने उरली. ज्यो म्हणजे स्वतः लुइझा.

या कथेच्या पाठीशी जॉन बन्यनचा 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' हा ग्रंथ उभा आहे. हरि केशवजी यांनी १८४१ साली 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणला, तोच हा ग्रंथ. चौघी बहिणी लहानपणी पाठीवर गाठोडी बांधून तळघरापासून छपरापर्यंत यात्रेकरूंचा खेळ खेळत असत. थोडे वय वाढल्यावर ती गाठोडी स्वभावदोषांची होतात. मेगला श्रीमंतीचा मोह, बेथला अतोनात बुजरेपणा, एमीला दिखाऊपणा आणि ज्योला संताप.

आठव्या प्रकरणात हा संताप उफाळून येतो. नाटकाला सोबत नेले नाही म्हणून एमी ज्योच्या गोष्टींची हस्तलिखित वही जाळून टाकते. ज्यो तिला क्षमा करीत नाही. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा, या संत पौलाच्या उपदेशाची आई तिला हळूच आठवण करून देते. तीही व्यर्थ जाते. दुसऱ्या दिवशी गोठलेल्या नदीवर बर्फ पातळ आहे हे ठाऊक असून ज्यो धाकटीला सावध करीत नाही, आणि एमी पाण्यात पडते. ती वाचते, पण त्या रात्री ज्यो आईपाशी धाय मोकलून रडते.

एखाद्या बोधवादी लेखकाने येथे आईच्या मुखी प्रवचन घातले असते. अल्कॉटची आई मात्र कबुली देते. आपलाही स्वभाव असाच आहे. चाळीस वर्षांच्या प्रयत्नांनी राग केवळ आवरता आला, गेला नाही. आजही तो बहुधा रोज येतो. ओठ घट्ट मिटून आई कधी कधी खोलीबाहेर निघून जाते, हे ज्योने पाहिलेले असते. त्याचा अर्थ तिला आज कळतो, आणि तिला धीर येतो.

हे पान वाचून आम्ही थबकलो. प्रायश्चित्त-संस्काराच्या वेळी "राग आला" हे दोन शब्द आम्ही असंख्य वेळा ऐकले आहेत आणि प्रत्येक वेळी संयमाचा उपदेश केला आहे. आपणही त्याच व्याधीचे रोगी आहोत, हे कोणाला कधी सांगितले? या कादंबरीचे दीर्घायुष्य, आमच्या मते, येथेच आहे. तिच्यातील चांगुलपणा कोणालाही आयता मिळालेला नाही, आईलाही नाही.

आपल्या वाचकांना आणखी एक प्रसंग विशेष भावेल. बेथच्या आजारपणात मार्च-आत्याकडे राहावयास गेलेल्या एमीला तेथील फ्रेंच कॅथलिक सेविका आपली जपमाळ दाखविते आणि पवित्र मरियेचे चित्र लावून प्रार्थनेचा एक कोपरा सजवून देते. जपमाळ घेऊन प्रार्थना करणे एमीला आपल्या पंथाला धरून वाटत नाही. चित्रापाशी बसून मात्र ती देवाला आळविते. प्रॉटेस्टंट आई त्या कोपऱ्याला मनापासून संमती देते. बन्यनच्या ग्रंथात पोप हा गुहेत बसलेला जराजर्जर राक्षस आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या औदार्याचे मोल कळते.

पुस्तक निर्दोष आहे, असे मात्र नव्हे. दुसऱ्या भागात प्राध्यापक बेअर यांच्या टीकेनंतर ज्यो पैशासाठी लिहिलेल्या आपल्या सनसनाटी कथा चुलीत घालते, आणि लेखिका त्याची भलामण करते. जी वही जळाली म्हणून आपण हळहळलो, तिच्यानंतर ही दुसरी होळी मनाला पटत नाही. लेखिकेने स्वतः अशा कथा ए. एम. बर्नार्ड या टोपणनावाने लिहिल्या होत्या, हे लिओना रोस्टेनबर्ग यांनी १९४३ साली उघड केले. ज्योचा विवाहही वाचकांच्या आग्रहापोटी जुळविलेला वाटतो. ग्रेटा गर्विग यांच्या २०१९ सालच्या चित्रपटाने त्यावर नेमके बोट ठेवले आहे. तथापि या उणिवांनी आठव्या प्रकरणाचे सत्य झाकले जात नाही.

यंदाच्या यादीतही 'चौघीजणी' आहेच. मात्र आईवडिलांना आमची विनंती आहे की, मुलीच्या हाती देण्यापूर्वी हे पुस्तक आपण स्वतः वाचावे. त्यात मुलींना जेवढे सांगितले आहे, त्याहून अधिक वडीलधाऱ्यांना विचारले आहे. आणि त्या मुलीला आमचे उत्तर : होय, आता वाचले.