लढाईबाहेरची जहाजे

जहाजांविषयी मराठीत जे लेखन गेल्या पंचवीस-तीस वर्षांत माझ्या हाती आले, त्यातले बहुतेक शिवाजी महाराजांच्या आरमारापासून निघते, कान्होजी आंग्र्यांपाशी थांबते आणि तिथून थेट १९७१च्या ‘विक्रांत’ व ‘खुक्री’वर येते. तोफ डागली तरच जहाजाला इतिहास असतो, असा निकष त्यामागे आहे. तो आपण कधी तपासला नाही. मीही तपासला नव्हता.

मी शिरूरचा. आमची घोडनदी भीमेला मिळते आणि दौंडवरून जाणारी भीमा पुढे रायचूरच्या बाजूला कृष्णेला. या कृष्णेचे नाव एका युद्धनौकेला होते. इंग्रजी वळणाने ते ‘किस्टना’ असे लिहीत. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीसाठी ब्रिटनमध्ये सहा स्लूप, म्हणजे मालवाहू ताफ्यांना पाणबुड्यांपासून सांभाळणारी लहान लढाऊ जहाजे, बांधली गेली. सहाही नावे नद्यांची : सतलज, जमना, नर्मदा, गोदावरी, कावेरी, कृष्णा. फाळणीत जहाजांचीही वाटणी झाली. नर्मदा आणि गोदावरी पाकिस्तानकडे गेल्या. त्यांची नावे ‘झेलम’ आणि ‘सिंध’ झाली. गोदाकाठच्या वाचकालाही हे सहसा ठाऊक नसते.

भारताकडे राहिलेल्या चौघींपैकी सतलज आणि जमना पुढे सर्वेक्षणाच्या कामाला लागल्या. खोली मोजून नकाशे करू लागल्या. ‘किस्टना’ १९६०नंतरच्या वर्षांत आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत उतरली. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांची जहाजे या महासागराचा अभ्यास करत होती. ग्लासगोच्या यॅरो गोदीत १९४३ साली पाण्यात उतरलेले लढाऊ जहाज आता समुद्राचे तापमान आणि क्षार मोजत होते.

वीसेक वर्षांपूर्वी दौंडला नौदलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना भेटलो होतो. मी विचारले, “काका, तुम्ही कुठल्या लढाईत होतात?” ते म्हणाले, “लढाई नाही हो. आम्ही बाटल्या सोडायचो पाण्यात.” मी वही मिटली, चहा घेतला आणि शिरूरची एसटी पकडली.

त्या बाटल्या काय होत्या, हे मला फार उशिरा कळले. तारेला ठरावीक अंतरावर धातूच्या बाटल्या लावून त्या खोल सोडतात. मग वरून तारेवरून एक वजन सरकवतात. ते आदळले की बाटली उलटी होऊन बंद होते आणि तिथले पाणी आत अडकते. सोबतच्या तापमापीतला पारा त्याच क्षणी तुटतो, म्हणून त्या खोलीचे तापमान वर येईपर्यंत बदलत नाही. डोलणाऱ्या डेकवर, रात्री-अपरात्री हे काम करायला हात लागतात. ते हात खलाशांचे असत. हे समजून मी पुन्हा दौंडला गेलो, तेव्हा काका नव्हते.

या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावलाला आहे. संस्थेच्या ‘गवेषणी’ने २६ जानेवारी १९८१ला समुद्रतळावरून बहुधात्विक गोळे वर काढले. १९८७ साली हिंदी महासागरातल्या ठरावीक क्षेत्रात अशा गोळ्यांच्या शोधाचा अधिकार भारताला मिळाला, त्या कामाची सुरुवात इथली. १९८३मध्ये जर्मनीत बांधलेली ‘सागरकन्या’ त्यानंतरची. या साखळीत एकही तोफ नाही, म्हणून आपल्या जहाज-लेखनात ती सापडत नाही.

खलाशाकडे पाहायची दृष्टी साहित्याला परकी आहे असे नाही. १९४६च्या नाविकांच्या उठावावर उत्पल दत्तांनी १९६५ साली बंगालीत ‘कल्लोळ’ हे नाटक आणले आणि खलाशी मध्यभागी आणला. पण तिथेही तो दिसतो तो बंडाच्या क्षणी. रोजच्या पाळीतला खलाशी तिथेही मागेच राहतो.

म्हणून यापुढे जहाजावरचे पुस्तक हाती आले की मी आधी एवढेच पाहणार आहे : लढाई नसलेल्या दिवशी त्या डेकवर कोण काय करत होते, हे लेखकाने विचारले आहे का? हा प्रश्न विचारायला समुद्रकाठी राहावे लागत नाही. दौंडच्या त्या ओसरीवर उत्तर माझ्यासमोर बसले होते, आणि मी वही मिटली होती.