व्हीझ, घरघर आणि वाजणारी छाती

गेल्या वर्षी एका आरोग्य-अ‍ॅपचं मराठीकरण माझ्या गळ्यात पडलं. टीममध्ये मराठी वाचणारा मी एकटाच. एक्सेलच्या एका ओळीत 'व्हीझ' हा शब्द होता. कोशात पाहून मी 'घरघर' भरलं. संध्याकाळी आईला स्क्रीन दाखवली. 'तुम्हाला घरघर लागते का?' वाचून ती म्हणाली, "घरघर लागलेला माणूस अ‍ॅप कशाला उघडेल रे?"

मला लहानपणापासून दमा आहे. व्हीझ म्हणजे काय हे मला कोशात बघावं लागत नाही. श्वासनलिका आकसतात आणि श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजते. पण इंग्रजीत हा शब्द पुढे भलतीकडेच गेला. एकोणिसाव्या शतकात नाटकवाल्यांच्या बोलीत व्हीझ म्हणजे विनोदी नटाची हुकमी कोटी. मग शाळकरी पोरांची शक्कल. वुडहाउसच्या बर्टी वूस्टरला 'व्हीझ' सुचतात, आणि ब्रिटिश वर्तमानपत्रं आजही कर चुकवण्याच्या चलाख क्लृप्तीला व्हीझ म्हणतात.

हे कळल्यावर मी गोल्डिंगची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' (१९५४) पुन्हा वाचली. पिगीला दमा आहे. शंख फुंकून मुलांना गोळा करायची कल्पना त्याची, पण दम्यामुळे फुंकणं त्याला मना. फुंकतो राल्फ, आणि पुढारीही तोच होतो. या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच मुलाच्या छातीत आहेत. शक्कल इतरांनी घेतली, धाप त्याच्याकडे राहिली आणि वर तिची टिंगलही झाली. गोल्डिंगला ही कोटी अभिप्रेत असो वा नसो, दमेकरी वाचकाला ती ऐकू येते.

मराठीत उलटं झालं. जात्याची घरघर पहाटेची, ओळखीची. तीच घशात आली की शेवटची. साखर कारखान्याला घरघर लागते, मराठी शाळांना लागते; बातमीत हा शब्द दिसला की पुढे काय असणार हे आपण धरूनच चालतो. इंग्रजीने आजारातून गंमत काढली, आपण आवाजातून मरण.

ही अडचण आपल्यापुरती नाही. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेकने छातीतल्या आवाजांना 'राल' हा फ्रेंच शब्द वापरला होता. पण फ्रेंच माणूस मरणाच्या घरघरीलाही रालच म्हणतो. रुग्ण दचकू नये म्हणून त्याच्यासमोर लेनेक 'राँकस' हा लॅटिन शब्द वापरी. डॉक्टरला ही पळवाट चालते, कारण कान त्याचाच असतो. अ‍ॅपला रुग्णाकडूनच उत्तर हवं असतं. शब्दाला घाबरून त्याने 'नाही'वर टिचकी मारली, तर इनहेलरची गरज असलेला माणूस निरोगी म्हणून नोंदला जातो. कोशातला अचूक प्रतिशब्द इथे चूक ठरतो.

शेवटी मी आईचंच वाक्य घेतलं. रात्री माझ्या पाठीला कान लावून ती बाबांना सांगायची, "याची छाती वाजतेय." अ‍ॅपमध्ये आता 'श्वास सोडताना छाती वाजते का?' असं आहे. वाक्य चौकटीत मावत नव्हतं. डिझायनरने कुरकुर केली, पण चौकट वाढवून दिली.