नाव, लक्षण आणि वंश : अंडीखाऊ सापाचे वर्गीकरण

राइनहार्ट यांनी १८६३ मध्ये रंगपूरच्या नमुन्यावरून अंडीखाऊ सापाचे वर्णन केले व त्याच्यासाठी ‘एलाकिस्टोडॉन’, म्हणजे ‘अतिलघुदंत’, ही स्वतंत्र प्रजाती कल्पिली. अन्ननलिकेत शिरून अंड्याचे कवच चिरणारे कण्याचे काटे हे या सापाचे लक्षण खरोखरच विलक्षण आहे. परंतु लक्षण विलक्षण म्हणून वंशही वेगळा, हे अनुमान सदोष होय. आफ्रिकेतील डॅसिपेल्टिस सापांतही असेच काटे असतात. तरी ते याचे निकटचे आप्त नव्हेत. सारखा आहार सारखे अवयव घडवितो, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

या सापाची महाराष्ट्रातील पहिली नोंद वर्धा जिल्ह्यातून झाली व ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१८ च्या जनुकीय अभ्यासाने त्याला बोइगा प्रजातीत, म्हणजे मांजऱ्या सापाच्या गोतावळ्यात, बसविले. मराठीने ‘मांजऱ्या’ हे नाव योजिले ते डोळ्यातील उभ्या बाहुलीवरून. अंडीखाऊची बाहुलीही उभीच असते.

यावरून लोकनाम शास्त्राहून श्रेष्ठ ठरते काय? तसे म्हणता येत नाही. पाटससारख्या गावी ‘घोणस’ व ‘डुरक्या घोणस’ ही नावे ठिपक्यांच्या साम्याने एकत्र आली आहेत. पहिली जहाल विषारी, दुसरी बिनविषारी; दोहोंचे वंश अगदी भिन्न. नावावर विसंबून डुरक्या हकनाक मारला जातो, आणि घोणशीला डुरक्या समजणारा आपला प्राण गमावतो. तात्पर्य, नाव हे निरीक्षणाची साक्ष होय. नात्याचा पुरावा नव्हे.